पोरुमामिल्लाचे तळे

दुष्काळी मुलूख म्हटला की आपण चटकन म्हणतो, ‘तिथं काय, नुसते दगडधोंडे!’ आंध्रातल्या रायलसीमेविषयीही लोक असेच बोलतात. कर्नूल, कडप्पा, अनंतपूर, चित्तूर हा तो मुलूख. त्यातला बराचसा भाग निजामाने १८०० साली इंग्रजांना देऊन टाकला.

पण कडप्पा भागातल्या पोरुमामिल्ला गावचा शिलालेख पाहा. शके १२९१ चा, म्हणजे इ. स. १३६९ चा. विजयनगरच्या बुक्करायाचा मुलगा भास्कर याने तिथे तळे बांधले. हजार मजूर, शंभर गाड्या, दोन वर्षे काम. नुसते पुण्य सांगून लेख थांबत नाही. चांगल्या तळ्याची बारा अंगे तो सांगतो. जमीन घट्ट मातीची हवी, नदी गोड्या पाण्याची हवी, बांध फार लांब नको पण पक्का हवा, दगडाची खाण हवी. आणि, मला हे फार आवडते, काम जाणणारी माणसे हवीत.

पुढे सहा दोष दिले आहेत. बांध पाझरणे, खारी जमीन, मधोमध उंचवटा, पाणी थोडे नि शिवार मोठे, पाणी फार नि जागा थोडी. सहावा दोष, दोन राज्यांच्या शिवेवर तळे! लिहिणाऱ्याने पाण्यावरची भांडणं पाहिली असणार.

पाऊसच फिरकला नाही तर तळे तरी काय करणार? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात याच मुलखात माणसं अन्नावाचून मेली.

गुरुजी, एखाद्या दिवशी मुलांना घेऊन आपल्या गावच्या तळ्यावर जा, आणि हे सहा दोष एकेक करून लावून पाहा. सुरुवात बांधापासून करा.