मुंबई उपनगरातील शालेय मानसिक आरोग्य सेवा

मुंबई उपनगर जिल्ह्यातील शालेय मानसिक आरोग्य सेवेत विद्यार्थ्यांचे समुपदेशन, त्यांच्या मानसिक अडचणी वेळेत ओळखणे आणि गरजेनुसार त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे यांचा समावेश होतो. अंधेरी, बोरीवली व कुर्ला हे जिल्ह्याचे तीन तालुके असून मुलुंड आणि घाटकोपर ही उपनगरे कुर्ला तालुक्यात मोडतात. ही सेवा कोणत्याही एका यंत्रणेने उभारलेली नाही. महापालिका, शासन, परीक्षा मंडळे आणि स्वयंसेवी संस्था यांच्या स्वतंत्र प्रयत्नांतून ती वाढली असून शाळेगणिक तिचे स्वरूप बदलते.

पार्श्वभूमी

भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये मुंबईतच सुरू झाले. ते सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेचे होते. पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ओळखली गेलेली ही संस्था १९५४ पासून उपनगरातील देवनार येथे आहे. २०१२ मध्ये तिने 'आयकॉल' ही दूरध्वनी समुपदेशन सेवा सुरू केली. मुलुंडला लागून असलेल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ'ची स्थापना केली.

समस्येची व्याप्ती

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले; महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. मात्र सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, त्यामुळे हा आकडा मुंबईला जसाच्या तसा लावता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होत्या. ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती.

समुपदेशक कोण असावा?

सेवेच्या उभारणीतील हा कळीचा प्रश्न आहे. केंद्र शासनाच्या २०२० मधील शालेय आरोग्य व निरामयता कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि भावनिक व मानसिक आरोग्य हा त्यातील ११ विषयांपैकी एक आहे. शिक्षक मुलांना रोज पाहतात, वर्तनातील बदल त्यांच्या लवकर लक्षात येतो. परंतु गुण देणारी, वर्गात रागावणारी आणि पालकांना शाळेत बोलावणारी व्यक्तीही तीच असते. अशा व्यक्तीपाशी मन मोकळे करणे किशोरवयीन मुलांना अवघड जाते.

या प्रश्नावरील महत्त्वाचा भारतीय पुरावा मुंबईबाहेरचा आहे. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत 'सेहर' हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत उपक्रम शिक्षकांनी राबवला, तर काहींत त्यासाठीच नेमलेल्या, मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी. दुसऱ्या गटात शाळेचे वातावरण सुधारले. नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा घटली. शिक्षकांनी राबवलेल्या उपक्रमाचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. शिक्षकांची तळमळ कमी होती असा याचा अर्थ नव्हे. नियमित तासिका सांभाळून दुसरे पूर्ण काम करणे कठीण असते.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा खटल्यात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमण्याचा निर्देश दिला. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध ठेवावा, असेही त्यात नमूद आहे. उपनगरांत मोठ्या संख्येने असलेले शिकवणी वर्गही या निर्देशांच्या कक्षेत येतात.

गोपनीयता व भाषा

विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट गुप्त राखणे हा समुपदेशनाचा पाया असला तरी त्याला कायद्याची मर्यादा आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलाला समजेल अशा शब्दांत सांगितली नाही, तर पुढे त्याला विश्वासघात झाल्यासारखे वाटू शकते. महापालिकेच्या शाळांत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिक्षण दिले जाते; एकच समुपदेशक या सर्व भाषांतील मुलांशी बोलू शकेल, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

शाळेबाहेरील उपचार

औषधोपचाराची गरज असलेल्या मुलांना पालकांच्या संमतीने रुग्णालयात पाठवले जाते. पश्चिम उपनगरांत महापालिकेच्या डॉ. रु. न. कूपर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. शाळेचा समुपदेशक उपलब्ध नसताना 'टेलिमानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.