घसरणे : कर्ता हरवलेले क्रियापद

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. या दोन आवृत्त्यांच्या मधे, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. ‘घसरणे’ या शब्दाचा विचार करताना मला हा कालक्रम महत्त्वाचा वाटतो. तोवर हा शब्द मुख्यतः पायाचा होता. शेवाळलेल्या पायरीवर, चिखलाच्या बांधावर पाय घसरतो.

त्याचे शेजारी शब्द पाहिले की अर्थ नेमका होतो. सरकणे ताब्यात राहूनही घडते. घरंगळते ते बहुधा गोल वस्तू, उतारावरून. कोसळते ते आधार सुटल्यावर. घसरताना मात्र पाय जमिनीलाच असतो. सुटतो तो फक्त ताबा.

रेल्वेने हा अर्थ ताणला. चाक रुळावरून उतरले तरी आपण ‘गाडी घसरली’ म्हणतो. पण चाक रुळावरच आहे, ब्रेक लागत नाही आणि गाडी उताराने सुसाट निघाली आहे, हे जुन्या अर्थाच्या जास्त जवळचे. त्याला मात्र आपण ‘गाडी सुटली’ म्हणतो.

या दुसऱ्या घसरणीचे ठिकाण म्हणजे बोरघाट. १८६३ साली खुल्या झालेल्या या मार्गावर चढ ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र आहे. गाडीचा ताबा सुटू शकतो, हे गृहीत धरूनच तिथे कॅच सायडिंगची व्यवस्था आहे. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा एरवी डोंगराकडे चढत जाणाऱ्या आडमार्गाला जोडलेला असतो. चालकाने गाडी थांबवून दाखवली, की मगच मुख्य मार्ग मिळतो. ताबा सुटलेली गाडी त्या चढावर आपोआप मंदावते.

भाषेत अशी सोय नाही. पडणेला पाडणे आहे, तुटणेला तोडणे, फुटणेला फोडणे. घसरणेपासून ‘घसरवणे’ तयार करता येते, पण सहसा ते कोणी वापरत नाही. म्हणून रुपया घसरतो, दर्जा घसरतो, डबे घसरतात. कोणी घसरवत नाही. ‘जीभ घसरली’ म्हणताच बोलणारा सुटतो, दोष जिभेचा.

पायाबाबत हे चालून जाते, कारण तिथे कर्ता आणि जखमी एकच असतो. गाडीचे तसे नाही. जखमी डब्यात बसलेला असतो; रूळ तपासणारा, वेग ठरवणारा, दुरुस्तीचा खर्च मंजूर करणारा दुसरीकडे असतो. ‘डबे घसरले’ या दोन शब्दांत ही सगळी माणसे वाक्याबाहेर जातात. घाटातल्या अभियंत्यांनी घसरण गृहीत धरून वाट काढली. आपण बातमी लिहिताना निदान पुढच्या वाक्यात तरी त्या माणसांना जागा द्यावी.