कुस्तीशौकीन : मल्लांची निवड व परीक्षण

कुस्ती पाहण्याचा, मल्लांची पारख करण्याचा आणि त्यांच्या प्रगतीची चर्चा करण्याचा ज्यांना छंद असतो, त्यांना महाराष्ट्रात ‘कुस्तीशौकीन’ म्हणतात. हा वर्ग केवळ प्रेक्षकांचा नाही. कोणत्या गावच्या मुलाला कोणत्या तालमीत ठेवावे, त्याला कोणाशी केव्हा लढवावे, तो यंदा किती पुढे गेला किंवा कोठे अडला, यांविषयीचे लोकमत याच वर्गात तयार होते आणि त्या मताचा मल्लाच्या भवितव्यावर प्रत्यक्ष परिणाम होतो. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल संघ शालेय वयातील खेळाडू हेरून त्यांना शिष्यवृत्त्या देतात व त्या निवडीची चर्चा संघाचे चाहते वर्षभर करीत असतात. महाराष्ट्रातील तालीम व तिचे शौकीन यांचे नाते काहीसे याच प्रकारचे आहे. फरक असा, की तेथे निवड संस्था करते; येथे मुलगा प्रथम गाव निवडते व नंतर तालमीच्या स्वाधीन करते.

पूर्वपीठिका : होतकरू मल्ल निवडून त्यांचे संगोपन करण्याची पद्धत जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांची प्रतवारी, आहार, व्यायाम आणि राजासमोर होणाऱ्या लढती यांचे वर्णन आढळते. वाढीच्या वयातील होतकरू मल्लास त्यात ‘भविष्णु’ व पूर्ण वाढ झालेल्यास ‘प्ररूढ’ म्हटले आहे. आज शौकीन ज्याला ‘तयारीचा पोरगा’ आणि ‘तयार पैलवान’ म्हणतात, तोच हा भेद होय.

पुढील काळात संस्थानिकांच्या आश्रयाने हा खेळ वाढला. बडोदे, इंदूर, कोल्हापूर, सांगली, मिरज इ. संस्थानांत मल्ल पदरी ठेवीत. यांत कोल्हापूरचे शाहू छत्रपती (१८७४–१९२२) यांचे कार्य विशेष महत्त्वाचे ठरले. त्यांनी पंजाबातील नामांकित मल्लांना आश्रय देऊन त्यांच्या सहवासात स्थानिक मुले तयार केली आणि शहरात तालमींना उत्तेजन दिले. यूरोपच्या दौऱ्यात (१९०२) त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले व त्यावरून त्यांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. हे मैदान १९१२ मध्ये खुले झाले. मध्यभागी मातीचा हौदा आणि त्याभोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्याने शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासही मल्लाची पकड स्पष्ट दिसते. दरबाराच्या रंजनासाठी होणारी कुस्ती अशा रीतीने सर्वसामान्यांच्या नजरेखाली आली आणि जाणकार प्रेक्षकांचा मोठा वर्ग कोल्हापुरात निर्माण झाला.

निवडीची पद्धत : निवडीची पहिली पायरी गावच्या यात्रेत असते. मैदानाच्या प्रारंभी लहान मुलांच्या कुस्त्या होतात. त्यांना रेवड्या किंवा नारळ एवढेच इनाम असते. म्हणून त्यांना ‘रेवड्यांच्या कुस्त्या’ म्हणतात. मोठ्या लढतींसाठी आलेले वस्ताद व जुने मल्ल या कुस्त्या बारकाईने पाहतात. मुलगा जिंकला की हरला, यापेक्षा त्याची मान, मनगट व कंबर कशी आहे, खाली गेल्यावर तो घाबरतो काय आणि दुसऱ्या जोडीस लगेच उभा राहतो काय, याकडे त्यांचे लक्ष असते. त्यांच्या नजरेत भरलेल्या मुलाबद्दल त्याच्या वडिलांशी बोलणे होते. घरी पूर्वी कोणी मल्ल होते काय, दुभते जनावर आहे काय, खुराकाचा खर्च किती काळ निभेल, हे विचारले जाते. कारण दूध, तूप, बदाम व मांस यांचा खर्च सामान्य शेतकरी कुटुंबास जड जातो. पुष्कळदा गावकरी वर्गणी काढून हा भार उचलतात.

तालमीत दाखल झालेला मुलगा वस्तादाचा ‘पट्ठा’ होतो. पहाटेची मेहनत, जोर-बैठका, माती उकरणे, वडील मल्लांची सेवा आणि सायंकाळची लढत असा त्याचा दिनक्रम असतो. मैदानाच्या जाहिरातीत मल्लाच्या नावासमोर गावाचे, तालमीचे व वस्तादाचे नाव छापण्याची प्रथा आहे. या तीन नावांत त्याच्या जडणघडणीचा सर्व इतिहास आलेला असतो आणि त्याच्या जयापजयाचे वाटेकरीही हेच तिघे असतात.

शौकिनांची चर्चा : मैदानाची जाहिरात लागली, की गावातील पारावर, चहाच्या दुकानांत आणि तालमीच्या कट्ट्यावर चर्चा सुरू होते. तिचा मुख्य विषय ‘जोड’ हा असतो. वजन, उंची, वय, अनुभव व पूर्वीच्या लढती यांचा मेळ घालून तोडीस तोड जोड लावणे हे पंचांचे कौशल्य समजले जाते. वजनकाट्याचा वापर रूढ होण्यापूर्वी हे सर्व नजरेवर चाले. जोड विषम वाटल्यास प्रेक्षक तेथेच हरकत घेत आणि ती मानावी लागे. लढत चितपट करून निकालात निघाली म्हणजे ती ‘निकाली कुस्ती’. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीबाबत मात्र दम कोणाचा संपला होता, पकड कोणी टाळली, यांविषयी वाद अनेक महिने चालतात.

मल्लाच्या प्रगतीचे मोजमापही शौकिनांनी आपल्या परीने ठरविले आहे. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी यांसारख्या डावांपैकी कोणता डाव त्याच्या अंगी बसला, तो एकाच डावावर अवलंबून राहतो काय, गेल्या यात्रेत ज्याच्याशी बरोबरी झाली त्याला यंदा त्याने किती वेळात चीत केले, ही त्याची प्रमाणे होत. लेखी नोंदी नसताना दहा-वीस वर्षांच्या लढती तपशीलवार सांगणारे वृद्ध शौकीन गावोगाव आढळत. कुस्तीचा बराचसा इतिहास त्यांच्या स्मरणातच टिकून राहिला. बडोदे येथे प्रसिद्ध झालेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांसारखे ग्रंथ शास्त्राची नोंद करतात. लढतींची नोंद मात्र मुख्यतः लोकांच्या तोंडी राहिली.

या चर्चेला दोषांची बाजूही आहे. तालमीचा व गावाचा अभिमान अनेकदा पारख झाकोळून टाकतो. मोठ्या इनामाच्या लोभाने मुलाला अपुऱ्या तयारीत वरचढ मल्लापुढे उभे करण्यास लोकाग्रह कारणीभूत होतो आणि एका दुखापतीने त्याची उमेद संपते. आधीच ठरवून केलेल्या लढतीस ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. असा संशय आल्यास शौकीन मैदान सोडून जातात. मल्लाला ही शिक्षा पंचांच्या निर्णयाहून कठोर वाटते.

महाविद्यालय आणि लोकवर्गणी : गावाची निवड व महाविद्यालयाचा आधार यांचा सर्वांत उल्लेखनीय संयोग खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–८४) यांच्या चरित्रात दिसतो. कऱ्हाडजवळील गोळेश्वर हे त्यांचे गाव. वडील मल्ल असल्याने कुस्तीचे पहिले पाठ घरीच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. लंडन येथील ऑलिंपिक स्पर्धेत (१९४८) गादीवरील कुस्तीचा अनुभव अल्प असतानाही ते आपल्या वजनगटात सहावे आले. हेल्सिंकी येथील स्पर्धेसाठी (१९५२) प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जाधव यांनी ५७ किग्रॅ. गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. परतल्यावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. पुढे त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून प्राचार्यांचे कर्ज फेडले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मात्र मरणोत्तर (२०००). गावाने व शिक्षकाने जे ओळखले होते, त्याला अधिकृत मान्यता मिळण्यास जवळजवळ अर्धशतक लागले.

स्वातंत्र्योत्तर काळ : संस्थाने विलीन झाल्यावर राजाश्रय संपला. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली (१९५३). १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब दिला जाऊ लागला. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील स्पर्धेत दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी ठरले. तत्पूर्वी श्रीपती खंचनाळे यांनी ‘हिंदकेसरी’ किताब मिळविला होता (१९५९). खंचनाळे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे, पण घडले कोल्हापुरात. मल्ल एका गावचा व तालीम दुसऱ्या शहरातील, हा प्रघात यानंतर अधिकच दृढ झाला. दक्षिण महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्यास प्रारंभ केल्याने राजाश्रयाची जागा काही अंशी भरून निघाली.

खानदेश : ब्रिटिशांनी १८१८ मध्ये घेतलेल्या खानदेशात कोल्हापूरसारखा मल्लांना पोसणारा दरबार नव्हता, आणि पुढे साखर कारखान्यांचा तसा आधारही मिळाला नाही. येथील कुस्ती मुख्यतः यात्रा, गावकऱ्यांची वर्गणी व व्यायामशाळा यांवर जगली. मल्लास येथे बहुधा ‘पहिलवान’ व कुस्त्यांच्या मैदानास ‘दंगल’ म्हणतात. जळगाव जिल्ह्याच्या ईशान्येस असलेले मुक्ताईनगर (जुने नाव एदलाबाद) हे तालुक्याचे ठिकाण मुंबई–नागपूर महामार्गावर असून त्याच्या एका बाजूस मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर व दुसऱ्या बाजूस बुलढाणा जिल्हा आहे. जवळच्या कोथळी येथील मुक्ताबाईच्या व तापी-पूर्णा संगमावरील चांगदेवाच्या स्थानी महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. अशा सीमाभागातील शौकिनांना खानदेश, वऱ्हाड व निमाड या तिन्ही प्रदेशांतील मल्ल माहीत असतात. आपल्या मुलाची तुलना ते केवळ शेजारच्या गावाशी नव्हे, तर बुऱ्हाणपूरच्या आखाड्याशीही करतात.

खानदेशातील होतकरू मल्लापुढे एक पेच नेहमी असतो. पुढे जावयाचे तर पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागते; गेला की गावच्या दंगलीत तो क्वचितच दिसतो. मुलगा आपला राहिला काय, हा प्रश्न मग शौकिनांत चर्चिला जातो. त्याचे उत्तर महाराष्ट्र केसरीच्या जिल्हावार प्रतिनिधित्वाने काही प्रमाणात दिले आहे. मल्ल कोठेही घडला, तरी तो आपल्या जिल्ह्याच्या नावाने लढू शकतो. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव (बगळी) येथील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ असा लागोपाठ तीन वेळा हा किताब जळगाव जिल्ह्याच्या नावावर नोंदविला. त्यापूर्वी अशी कामगिरी केवळ नरसिंग यादव यांनी (२०११–१३) केली होती. चौधरी यांची पुढे राज्य पोलीस दलात उपअधीक्षकपदी थेट नियुक्ती झाली आणि कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत (२०२३) त्यांनी सुवर्णपदक मिळविले. कुस्तीवर नोकरी मिळू शकते, हे या उदाहरणाने खानदेशातील पालकांना पटले. तथापि अशी नोकरी थोड्यांनाच मिळते. शाळा अर्धवट सोडून आलेला व विशीत दुखापत झालेला मल्ल गावी परततो, तेव्हा त्याच्या नावाची चर्चा थांबलेली असते. मुलाला तालमीत ठेवतानाच त्याचे शिक्षण चालू ठेवावे, असे अनुभवी वस्ताद सांगतात ते यामुळेच.

बदलते स्वरूप : गादीवरील कुस्तीत वेळ ठरलेला व निकाल गुणांवर असतो. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी या दोन्ही विभागांचे विजेते अंतिम लढतीत एकमेकांशी लढतात. त्यामुळे शौकिनांच्या चर्चेचा विषयही बदलला. पूर्वी वाद जोडीवरून होत. आता ते गुणांवरून होतात. पुणे येथील स्पर्धेत (जानेवारी २०२३) माती विभागातील एका लढतीत दिलेल्या चार गुणांची चर्चा राज्यभर झाली, तर अहिल्यानगर येथील स्पर्धेत (२०२५) पंचांच्या निर्णयावरून झालेल्या वादानंतर दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. चित्रफितीमुळे एकच पकड पुनःपुन्हा पाहता येते. पण हरकत घेण्याचा जो हक्क पूर्वी मैदानातील प्रेक्षकास होता, तो आता नियमाने केवळ मल्लाच्या मार्गदर्शकाकडे गेला आहे.

मुलींच्या कुस्तीनेही या चर्चेचे क्षेत्र वाढविले आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगली येथे झाली (मार्च २०२३) व तीत सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. रेवड्यांच्या कुस्तीत आता काही गावी मुलीही उतरतात आणि मान, मनगट व दम यांची तीच पारख त्यांनाही लावली जाते. [→ कुस्ती, तालीम].