उंबरठ्याबाहेरचा अभंग

देवळात सहसा न जाणारे, उपासतापास न पाळणारे आपल्यातले कितीतरी जण पं. जितेंद्र अभिषेकींचा अभंग लागला की हातातले काम थांबवतात. ही नुसती सुरांची मोहिनी, असे म्हणतात. मला ते पुरतेसे पटत नाही.

चोखोबांच्या नावावरचा तो अबीर-गुलालाचा अभंग घ्या. विठ्ठलाच्या दारी रंग उधळला जातोय, आणि गाणारा मात्र जातीमुळे उंबरठ्याला शिवू शकत नाही. तो पायरीशीच थांबतो. चोखोबा चौदाव्या शतकातले. मंगळवेढ्याला कुसू कोसळून ते गेले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपुरात आहे, पण महाद्वारासमोर, बाहेर. ते दार दलितांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले. तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा. सहाशे वर्षे!

अभिषेकींचा जन्म १९२९ सालचा, मंगेशीचा. घराणे श्रीमंगेशाच्या सेवेतले, वडील कीर्तनकार. म्हणजे गाभारा ज्याच्या अंगणातला, त्याने दाराबाहेरच्याचे शब्द गळ्यात घेतले. (आमच्या गोव्यातल्या उंबरठ्यांचा हिशेब निराळा मांडावा लागेल.) आणि गाण्यात रडगाणे कुठेच नाही. उत्सव उत्सवासारखाच रंगतो, म्हणून मधली ती तक्रार जास्त टोचते. ती समजायला विठ्ठल मानायलाच हवा असे थोडेच आहे?

अभिषेकी १९९८ साली गेले. आषाढीच्या मैफलींत या अभंगाची फर्माईश अजून होते, आणि ती करणारे सगळेच काही माळकरी नसतात.