सैमूर ते चौल : आपल्या किनाऱ्यावरचे एक व्यापारी शहर

मीरा रोडला राहणारे आम्ही घोडबंदर हे नाव दिवसातून कितीदा तरी घेतो. रिक्षावाल्याला सांगतो, पाहुण्यांना पत्ता देताना सांगतो, रस्ता तुंबला की त्याच नावाने बोटे मोडतो. पण या नावात एक घोडा आहे आणि एक बंदर आहे, याकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. अरबांच्या जहाजांतून आलेले घोडे या खाडीत उतरवले जात म्हणून हे घोडबंदर, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. खाडीकाठच्या टेकडीवर किल्ला आहे. तो पोर्तुगिजांनी उभारला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आज तो मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येतो. समुद्रावरचा जुना व्यापार हा आमच्यासाठी केवळ पुस्तकातला विषय नाही. तो आमच्या पत्त्यातच आहे.

याच पत्त्यावर राहताना एक प्रश्न आम्हाला वारंवार ऐकावा लागतो, "तुम्ही मूळचे कुठले?" कधी तो सहज विचारलेला असतो, कधी नसतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे मीरा रोडला आली. जानेवारी २०२४ मध्ये याच वस्तीने तणावाचे दिवस पाहिले. अशा वेळी हा साधा प्रश्नही अंगावर येतो. आमची त्यावर दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक, गावाचे नाव : म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड. दुसरे उत्तर जरा छाती फुगवून दिले जाते : आमचे पूर्वज अरबस्तानातून आले. पहिल्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. दुसऱ्याने आमचा अहंकार सुखावतो खरा, पण विचारणाऱ्याला जे हवे असते तेच आम्ही त्याच्या हातात देतो. "म्हणजे तुम्ही बाहेरचेच ना?"

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाला विचारायचे तर आपल्याला मीरा रोडहून अलिबागच्या पुढे, चौलला जावे लागेल.

आजचे चौल म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, देवळे आणि कुंडलिका खाडीच्या बाजूला पसरलेले शांत गाव. शेजारी रेवदंडा, पलीकडच्या काठावर कोर्लईचा डोंगरी किल्ला. एके काळी इथे पश्चिम किनाऱ्यावरची एक मोठी बाजारपेठ होती, हे वाटसरूला सांगूनही खरे वाटणार नाही. अरब भूगोलकार या शहराला सैमूर म्हणत. नकाशावर सिंदान (संजाण), सुबारा (सोपारा), ताना (ठाणे) आणि सैमूर ही नावे त्यांच्याकडे एकापाठोपाठ येतात. आपल्या रेल्वेच्या स्टेशनांची यादी वाचावी तशी ती वाचता येतात.

हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी सैमूरला आला. 'मुरूज अज्-जहब' या आपल्या ग्रंथात त्याने या शहराविषयी लिहून ठेवले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या वेळी सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद आणि इतर शहरांतून आलेले व्यापारी त्यांत होते. त्यांनी इथे लग्ने केली होती, घरे वसवली होती. राज्य जंज नावाच्या राजाचे होते. हा जंज म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ. त्याने शंकराची बारा देवळे बांधली असे शिलाहारांचे लेख सांगतात. झंझाचा अधिराज होता 'बल्हरा', म्हणजे मान्यखेटचा राष्ट्रकूट सम्राट, वल्लभराय. या बल्हराच्या राज्यात मुसलमानांना जितका मान आणि संरक्षण मिळते तितके हिंदच्या दुसऱ्या कोणत्याही राजाकडे मिळत नाही, असा अभिप्राय मसूदीने नोंदवला आहे.

इथल्या मुसलमानांच्या कारभारासाठी राजाने त्यांच्यातलाच एक मातब्बर माणूस नेमलेला असे. त्याला 'हुनरमन' म्हणत. आपल्या लोकांचे तंटे तो सोडवी आणि राजापुढे त्यांच्या वतीने बोले. मसूदीच्या वेळी अबू सईद मारूफ इब्न जकरिया हा हुनरमन होता. त्याच शतकातल्या 'अजाइब अल-हिंद' या दर्यावर्दींच्या कहाण्यांच्या ग्रंथात अब्बास इब्न माहान या दुसऱ्या हुनरमनचे नाव येते. सैमूरमध्ये जामा मशीद होती, हेही त्या काळचे अरब भूगोलकार सांगतात. देवळे बांधणाऱ्या राजाच्या शहरात मशिदीत जुम्मा होत होता, आणि दोन्हींच्या बांधकामाचा पैसा एकाच बंदरातून येत होता.

हे सगळे कशामुळे जमले? याचे अर्धे उत्तर वाऱ्यात आहे. शिडाची जहाजे मोसमी वाऱ्यावर चालत. पावसाळ्याचा जोर ओसरता ओसरता आखाताकडून इकडे यायचे आणि हिवाळ्यातल्या उलट्या वाऱ्यावर परत जायचे. वारा फिरेपर्यंत थांबणे भाग होते. माल विकायला, उधारी वसूल करायला, पुढच्या हंगामाचा सौदा ठरवायला कोणीतरी कायमचे इथे असावे लागे. थांबणारा घर करतो, घर करणारा सोयरीक करतो. उरलेले अर्धे उत्तर राजाच्या जकातीत आहे. व्यापारी आले तर जकात येते, आणि व्यापारी तिथेच येतात जिथे त्यांच्या जिवाची, मालाची आणि रिवाजांची हमी असते. त्या काळाला सुवर्णयुग ठरवण्याची आम्हाला गरज वाटत नाही. तो एक व्यवहार होता. पण तो शहाणपणाचा व्यवहार होता, आणि त्यातून पिढ्यान्पिढ्यांचा शेजार उभा राहिला.

मसूदीच्या मजकुरात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो एकच शब्द : 'बयासिरा'. हिंदच्या भूमीत जन्मलेल्या मुसलमानांना बयासिरा म्हणतात, एकवचनी बैसरी, असा अर्थ त्याने स्वतःच दिला आहे. म्हणजे इसवी सन ९१६ मध्येच सैमूरच्या मुसलमानांत एक मोठा गट असा होता जो आलेला नव्हता, इथे जन्मलेला होता. त्यांच्यासाठी वेगळे नाव पडावे इतका तो ठळक होता. बाप सिराफचा असेल, पण आई? जहाजांतून व्यापारी येत होते, त्यांची कुटुंबे नव्हे. आई याच किनाऱ्याची. जे पहिले शब्द त्या मुलाच्या कानावर पडले ते आईच्या बोलीतले, जे कालवण त्याच्या ताटात आले ते तिच्या हातचे. आम्ही वंशावळी मिरवतो तेव्हा बापाकडची शिडी चढत अरबस्तानापर्यंत जातो आणि आईला विसरतो. बयासिरा हा शब्द त्या आईची आठवण देतो. कोकणी मुसलमानाची बोली, सांदणे, तांदळाची भाकरी, लग्नातली गाणी ही तिची मिरास आहे.

मसूदी येऊन गेल्यावर दहा वर्षांनी, शके ८४८ म्हणजे ९२६ मध्ये, एक ताम्रपट कोरला गेला. तो पुढे चिंचणीला सापडला. चिंचणी आपल्याच लोकल मार्गावर, बोईसर-वाणगावच्या बाजूला आहे. संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने 'मधुमती' नावाच्या ताजिकाकडे सोपवला होता, असे हा संस्कृत लेख सांगतो. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत वळण, असे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य तरी सुरू केली. संजाणला अन्नछत्र घातले. तिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. एका मठिकेसाठी जमीनही त्याच्याच कारकिर्दीत, राजाच्या संमतीने दिली गेली. मुहम्मदचे मधुमती होताना त्याचे ईमान गेले नाही आणि लेख कोरणाऱ्याचा धर्मही बाटला नाही. आपल्या जिभेला जे नाव अवघड, ते आपल्या भाषेत गोड करून घेतले, इतकेच.

इथे थोडे दूर, युरोपात डोकावले तर आपल्या शहराचे वेगळेपण अधिक कळते. जर्मनीच्या उत्तरेला ल्युबेक हे शहर आहे. ११४३ मध्ये त्याची स्थापना झाली आणि १२२६ मध्ये ते कोणा सरदाराच्या नव्हे, थेट सम्राटाच्या अधिकाराखालचे मुक्त शहर झाले. हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाचे ते अग्रणी होते. मीठ, सुके मासे, लोकर, मेण यांचा बाल्टिक समुद्रातला व्यापार या संघाच्या हातात होता. परमुलखात त्यांच्या वखारी असत. नॉर्वेतल्या बर्गनला जर्मन व्यापाऱ्यांची अशीच वसाहत होती. तिलाही स्वतःचे मुखिया होते, स्वतःचे नियम होते. आपल्या हुनरमनशी याचे साम्य लगेच ध्यानात येते. पण एक फरक मोठा आहे. बर्गनच्या वखारीतल्या जर्मनांना लग्न करून तिथे घर मांडण्याची मुभा नव्हती. ते शेकडो वर्षे तिथे राहिले, पण परके म्हणून. सैमूरच्या व्यापाऱ्यांनी सोयरिकी केल्या, आणि म्हणून त्यांची मुले इथली झाली.

सैमूरचे चौल झाले तरी बाजार चालू राहिला. बहमनी काळात, १४६९ च्या सुमारास, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुजहून चौलला उतरला. त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता. दख्खनला घोड्यांची सततची गरज होती आणि चांगला घोडा समुद्रावरूनच येई. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल असे बजावले. निकितिनची सुटका केली ती खुरासानच्या ख्वाजा मुहम्मद या मुसलमानानेच. त्याने खानाकडे रदबदली करून घोडाही परत मिळवून दिला. ही हकीकत निकितिनने स्वतः लिहून ठेवली आहे. आम्हाला ती पूर्ण सांगावीशी वाटते, कारण इतिहासातला आपल्याला सोयीचा भाग तेवढा उचलणे हा अप्रामाणिकपणा आहे. सत्तेच्या मस्तीत जबरदस्ती करणारा खानही आपल्या इतिहासात आहे आणि परक्या माणसासाठी शब्द टाकणारा ख्वाजाही. कोणाचा वारसा सांगायचा, हे आपण ठरवायचे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७ मध्ये याच निकितिनवर 'परदेसी' हा चित्रपट काढला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

पुढे समुद्राचा कायदाच बदलला. पोर्तुगीज आले ते बाजारात माल मांडायला नव्हे, समुद्राची मालकी सांगायला. त्यांचा परवाना नसलेले जहाज लुटले जाऊ लागले. १५०८ मध्ये चौलच्या समुद्रात इजिप्तच्या ममलूक आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाजने पोर्तुगिजांना हरवले. पण पुढच्याच वर्षी दीवला पारडे फिरले. निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगिजांनी रेवदंड्याला कोट बांधला आणि दोन चौल झाली : खाली पोर्तुगिजांचे, वर निजामशाहीचे. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला, तोही निष्फळ ठरला. १७४० मध्ये मराठ्यांनी हा मुलूख घेतला. तोवर मुंबई वर येऊ लागली होती. चौलचे विणकर प्रसिद्ध होते, त्यांनाही इंग्रजांनी मुंबईला बोलावले. खाडी गाळाने भरत गेली आणि व्यापार जिथे पाणी खोल आणि हमी पक्की तिथे निघून गेला.

आज काय उरले? वरच्या चौलला जामा मशिदीचे आणि हमामखान्याचे अवशेष आहेत. रामेश्वराचे देऊळ नांदते आहे. रेवदंड्याला पोर्तुगीज तटबंदी आणि सातखणी मनोरा आहे, बेने इस्रायलींचे सिनेगॉग आहे, निकितिनचे स्मारक आहे. कोर्लईत पोर्तुगीज मिश्रित बोली अजून कानावर येते. वाटेवरच्या आक्षीत मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांत गणला जाणारा लेख आहे. दोन-चार कोसांत इतक्या धर्मांच्या आणि भाषांच्या खुणा महाराष्ट्रात दुसरीकडे सहसा सापडणार नाहीत.

ल्युबेकवर मार्च १९४२ मध्ये बॉम्ब पडले. जुन्या शहराचा मोठा भाग जळाला. लोकांनी चर्चचे मनोरे पुन्हा उभे केले आणि १९८७ मध्ये युनेस्कोने त्या शहराला जागतिक वारसा मानले. चौलवर बॉम्ब पडले नाहीत. तिथे फक्त झाडांची मुळे भिंतीत शिरली आणि आम्ही पाहिले नाही. सरकारकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण लग्नाच्या मांडवावर लाखो रुपये उधळणाऱ्या आमच्या जमातींनी आपल्या मुलांना एकदा तरी चौलची जामा मशीद दाखवली आहे काय? आमच्या घरांतल्या जुन्या सनदा, निकाहनामे, जमिनीचे कागद पावसाळ्यागणिक भिजून जात आहेत, ते कोणी नीट ठेवले आहेत काय?

तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारले, "तुम्ही मूळचे कुठले?", तर अरबस्तानाकडे हात करण्याची गरज नाही आणि खाली मान घालण्याचीही नाही. या किनाऱ्यावर जन्मलेल्या मुसलमानांना अकराशे वर्षांपूर्वी एका प्रवाशाने वेगळे नाव दिले होते, कारण ते आलेले नव्हते, इथले होते. आम्ही बयासिरा आहोत. आमची आई इथली आहे.