जबलपूरची जोंगा आणि तिचा ‘सेल्फ’

यंत्राचा इतिहास सांगताना त्याचे बळ आणि वेग यांचा हिशेब आवर्जून मांडला जातो. ते चालू कसे होते, हा प्रश्न मात्र सहसा मागे राहतो. वास्तविक नदीपात्रात किंवा हिमालयाच्या उतारावर उभ्या राहिलेल्या लष्करी गाडीपुढे हाच प्रश्न सर्वांत आधी येतो. जबलपूरच्या ‘जोंगा’ गाडीची हकीकत या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली निघाला. स्वातंत्र्यानंतर, १९५९ पासून, जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने ‘शक्तिमान’ मालमोटारी या नगरीत तयार होऊ लागल्या. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धाने दुर्गम सीमेवर रस्त्यांची आणि साधनांची उणीव किती महाग पडते, हे देशाला दाखवून दिले. पुढे १९६९ मध्ये येथे स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. जपानच्या निसान कंपनीच्या ‘पेट्रोल’ या गाडीच्या घडणीवर बेतलेली जोंगा ही याच कारखान्याची निर्मिती. ‘पेट्रोल’ म्हणजे येथे इंधन नव्हे, तर गस्त. जोंगा हे नावही जबलपूरचेच. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून ते सिद्ध झाले. चारही चाकांना गती देणारी रचना आणि सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटर क्षमतेचे इंजिन ही तिची सामग्री.

एवढे इंजिन निद्रेतून उठवायचे तर प्रथम कोणी तरी ते फिरविले पाहिजे. मोटारीच्या आरंभीच्या काळात हे काम मनुष्याचा हात करीत असे. पुढच्या बाजूने हँडल घालून ते जोराने फिरवावे लागे; इंजिनाने उलट हिसका दिला की मनगट मोडे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने पूर्वी दुकानातील गल्लायंत्रासाठी लहान विद्युत्‌मोटर तयार केली होती. क्षणभरच काम करायचे असेल तर लहान मोटरही मोठे बळ देऊ शकते, हे मर्म त्याने तेथे ओळखले. १९११ मध्ये त्याने हाच विचार मोटारगाडीला लावला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत विजेचा ‘सेल्फ’ बसला. मोटार चालू करण्यासाठी बळकट दंडाची जी अट होती, ती येथे संपली.

परंतु हाताचे काम विजेकडे गेले, तसे संकटाचे रूपही पालटले. हँडल मारणाऱ्याला अडचण हातालाच कळे. सेल्फ लागला नाही तर दोष दिसत नाही, तो शोधावा लागतो. ‘सेल्फ गेला’ असे म्हणून सारा ठपका त्या मोटरवर ठेवण्याची घाई पुष्कळदा होते. अनुभवी मिस्त्री तसे करीत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये घालून तो विजेच्या वाटेने चालू लागतो: बॅटरी, तिची टोके, जाड तार, सोलेनॉइड, मोटर आणि शेवटी इंजिनाच्या फ्लायव्हीलशी जुळणारे दातेरी चक्र.

त्याची पहिली कसोटी अगदी साधी असते. पुढचे दिवे लावून सेल्फ दाबावा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली, टोके सैल वा गंजलेली, अथवा मोटर किंवा इंजिन जखडलेले. दिवे जसेच्या तसे राहिले, तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही. दोष बटणात, सोलेनॉइडमध्ये किंवा झिजलेल्या कार्बनमध्ये. नुसता ‘टकटक’ आवाज येत राहिला, तर सोलेनॉइडपुरते बळ आहे, मोटरपुरते नाही. मोटर गरगर फिरते पण इंजिन हालत नाही, तर दातेरी चक्र चिखलाने अडकले आहे वा त्याचे दाते झिजले आहेत.

चिखलपाण्यातून जाणाऱ्या गाडीत ‘अर्थ’चा पट्टा विशेष संशयास्पद असतो. इंजिन रबराच्या बैठकीवर असल्याने वीज या पट्ट्यानेच परत फिरते आणि तो गंजला की वाट खुंटते. बारा व्होल्टच्या गाडीत दोनशे अँपिअर वीज वाहत असता एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळाही दोन व्होल्ट गिळून टाकतो. त्यात थंडीची भर पडते. शून्याखाली अठरा अंशांवर बॅटरीचे बळ सुमारे निम्म्यावर येते आणि नेमके तेव्हाच तेल घट्ट होऊन इंजिन अधिक बळ मागते. उष्ण जबलपुरात निर्दोष ठरलेली गाडी बर्फाळ खिंडीत मुकी का होते, याचे उत्तर या विषम हिशेबात आहे. तिच्यावर रसद किंवा जखमी जवान अवलंबून असेल, तर तो हिशेब केवळ कारागिरांचा राहत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जोंगाची निर्मिती थांबली. सैन्याने निकालात काढलेल्या अनेक जोंगा लिलावातून हौशी लोकांच्या हाती गेल्या. जबलपूरचा कारखानाही २०२१ मध्ये ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’ या सरकारी कंपनीत समाविष्ट झाला. गाडी घडविण्याचे श्रेय कारखान्याकडे जाते, ते योग्यच आहे. परंतु ती प्रत्येक पहाटे चालू ठेवली ती दूरच्या तळांवरील मिस्त्र्यांनी, काळवंडलेली टोके घासून आणि सैल झालेले बोल्ट आवळून. त्यांची नोंदही जोंगाच्या इतिहासात असावयास हवी.