ठासणीच्या नळीत काय भरावे?
१९४७-४८ साली परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांच्या धास्तीने मराठवाड्यातील गावकऱ्यांनी लाठ्या, गोफणी आणि क्वचित ठासणीच्या बंदुका हाती घेतल्या. नळीत आधी दारू, मग बोळा, त्यावर एक गोळी किंवा काही छर्रे. बाजरीएवढे छर्रे पाखरांपुरतेच. माणूस रोखण्यास हरभऱ्याएवढे हवेत, आणि असे नळीत मोजकेच मावतात. ते फाकत असल्याने अंधारात नेम किंचित चुकला तरी एखादा लागे. अंतर वाढताच मात्र जोर ओसरे. दूरवर एकच गोळी बरी, पण तिला नेमबाज हवा. खरी अडचण पुढेच: एक बार उडाला की पुन्हा ठासण्यात अर्धे मिनिट सहज जाई, आणि समोर रायफल असली तर तेवढी उसंत कुठली? १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.